देवीडॉक्टरांचा घागरा

देवीडॉक्टर गावाच्या वेशीशी सायकलवरून उतरत, सायकल झाडाला टेकवत आणि खाकी अर्ध्या चड्डीवर भर रस्त्यात घागरा चढवत. पन्नाशीला आलेला, भरघोस मिशीचा, सरकारी नोकरीतला माणूस. बघणाऱ्याला हसू आवरत नसे. मला मात्र त्या घागऱ्याचा तेव्हाही अभिमान होता आणि आजही आहे. तो माझ्या आईने शिवला होता.

ते खरे डॉक्टर नव्हते. देवीची लस टोचत खेडोपाडी फिरायचं, ही त्यांची नोकरी. बुऱ्हाणपुरात, बुधवारा मोहल्ल्यात, आमच्या शेजारच्या खोलीत ते एकटेच राहत. इंग्रजांचं राज्य होतं, दुसरं महायुद्ध चालू होतं. वडील गेल्यापासून आई शिवणाच्या मशीनवर घर चालवत होती. ते तिला वहिनी म्हणत, ती त्यांना भाऊ म्हणे.

भाऊंना रडगाणं गायची सवय नव्हती. जे सोसलं असेल ते गंमत करून सांगायचे. एकदा गुडघे फोडून घेऊन आले आणि ओसरीवर बसत म्हणाले, "आधी धोतर चेनमध्ये गेलं, मागून मी गेलो." त्या दिवसापासून धोतर बंद होऊन चड्डी आली. पण चड्डी सायकलपुरतीच बरी. तापीच्या खोऱ्यातले नाले ओलांडताना ती भिजायची आणि मग दिवसभर ओल्या चड्डीत बसावं लागायचं. शिवाय खाकी चड्डी दिसली की लोकांना वाटे, जंगलखात्याचा शिपाई आला. बाया पोरं घेऊन रानात पळत. भाऊंनी लुंगी करून पाहिली. ती ऐन कामात सुटली. "एका हातात पोराचा दंड, दुसऱ्या हातात सुई," ते म्हणाले. "लुंगी धरायला तिसरा हात सरकार देत नाही, वहिनी."

मग एक दिवस ते बुऱ्हाणपूरच्याच लालबागच्या बाजूने, स्टेशनवरून, जवळजवळ धावतच आले. पाणी घ्यायला थांबलेल्या पलटणीच्या गाडीत त्यांनी स्कॉटलंडचे सोल्जर पाहिले होते, घागरा घातलेले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत एकाला विचारून, त्याला फलाटावर गोल फिरायला लावून भाऊंनी चित्र काढून आणलं होतं. पुढे सपाट, मागे चुण्या, कमरेला पट्टा. "त्यांना कोणी हसत नाही," भाऊ म्हणाले, "कारण हातात बंदूक असते. माझ्या हातात सुई आहे. मला हसतील. हसू द्या."

आईने चित्र बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "भाऊ, तुम्ही मांडी घालून बसता, की उकिडवे?"

तिथून खरं काम सुरू झालं. पहिला घागरा जाड खादीचा होता. तो भिजला की घोंगडीसारखा जड व्हायचा आणि पिशवीत मावायचा नाही. दुसरा पातळ कापडाचा, तो वाऱ्याने उडाला. भाऊंनी तो प्रसंग सांगितला तेव्हा आईने तोंडाला पदर लावला. शेवटी आमच्याच गल्लीतल्या मागावरचं, मध्यम विणीचं राखाडी कापड तिने निवडलं. गुडघ्याच्या चार बोटं खाली लांबी ठेवली. नाड्या ओल्या झाल्या की गाठ सुटत नाही, म्हणून डाव्या कमरेला दप्तराची दोन बक्कलं लावली. पुढचा पदर इतका रुंद ठेवला की मांडी घातली तरी झाकलेलं राहावं. आता नाला ओलांडला की भाऊ वरून घागरा लावत, आतली ओली चड्डी काढून हँडलवर वाळत टाकत आणि रुबाबात गावात शिरत.

त्याच साली तुकईथड गावाच्या पुढे, डोंगराच्या अंगाला एका वस्तीत देवी आल्या. भाऊ आधी दोनदा तिथून रिकाम्या हाताने परतले होते. खाकी दिसताच वस्ती ओस पडायची. तिसऱ्या खेपेला ते घागरा लावून गेले. एक म्हातारी दाराआडून बघत होती.

"कोन शे तू? बाई शे का शिपाई शे?"

"शिपाई नाही, आजी. देवीडॉक्टर आहे. बाई म्हणा हवं तर, पण बसू द्या."

म्हातारी हसली, आणि हसता हसता दारातून बाहेर आली. भाऊ अंगणात मांडी घालून बसले, स्वतःच्या दंडावरचा जुना वण त्यांनी दाखवला. म्हातारीने आधी आपल्या नातीचा हात पुढे केला. दिवस मावळेपर्यंत सगळी वस्ती टोचून झाली, एक घर सोडून. त्या घराने दार उघडलं नाही. पंधरा दिवसांनी त्या घरातलं मूल गेलं. हे सांगताना भाऊंनी गंमत केली नाही. "मी अजून थोडं बसायला पाहिजे होतं," एवढंच म्हणाले. त्यानंतर बंद दार दिसलं तर ते तिथेच मुक्काम करू लागले.

वरचे साहेब तपासणीला आले तेव्हा भाऊ मुद्दाम घागरा लावूनच उभे राहिले. साहेबांनी विचारलं, हा काय पोशाख? भाऊ म्हणाले, "साहेब, सायकलवर मी सरकारचा माणूस. उतरल्यावर मला लोकांच्या दारात बसायचं असतं." साहेबांनी लेखी ताकीद दिली. भाऊंनी ती नीट घडी घालून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी घागरा पिशवीत घालून निघाले.

नोकरी संपत आली तेव्हा भाऊंनी आईला त्या वस्तीवर नेण्याचा हट्ट धरला. बुधवाऱ्याबाहेर ती क्वचितच पडली होती. बैलगाडीतून आम्ही तिघे गेलो. केळीच्या बागा मागे पडल्या, कपाशी लागली, मग डोंगर. अंगणात बाया जमल्या. भाऊ म्हणाले, "घागरा ह्यांनी शिवला."

एकीने आपल्या मुलाची बाही वर केली आणि दंडावरचा वण आईला दाखवला. तिच्या मागून दुसरी आली, मग तिसरी. आई प्रत्येक दंडावरून बोट फिरवत होती. कापडाचा पोत पाहताना फिरवायची, तसं.

परतताना लालबागची झाडं दिसू लागली तेव्हा आईने पदर सावरला आणि विचारलं,

"भाऊ, तुमच्या जागी जो येणार आहे, त्याची कंबर केवढी?"