पाठमोरी

बार्शीटाकळीत आमचा फोटो स्टुडिओ अब्बांच्या काळापासून आहे. दिवसभर माझ्यासमोरच्या स्टुलावर माणसं येऊन बसतात. मान सरळ, हनुवटी जरा खाली, डोळे उघडे. कुणाला नोकरीच्या अर्जासाठी फोटो हवा असतो, कुणाला स्थळाकडे पाठवायला. खरं सांगायचं तर चेहऱ्यांचा मला वीट आला होता. म्हणून दिवाळी झाली आणि लग्नसराई सुरू व्हायला अवकाश असला, की मी कॅमेरा घेऊन अकोटवरून मेळघाटात चढायचो.

धारणीच्या अलीकडे, रस्ता सोडून आत, एक कोरकू गाव आहे. समोरासमोर घरांच्या दोन ओळी, मध्ये मोकळी वाट आणि मागे सागाचा डोंगर. टोकाच्या घरात एक म्हातारं जोडपं राहायचं. त्यांची मुलगी शेजारच्या गावात दिलेली. पहिल्याच वर्षी म्हातारीनं मला हाक मारून ओसरीत बसवलं, बिनदुधाचा चहा दिला. तेव्हापासून माझा मुक्काम तिथंच असायचा. पहाटे ती सरपणाला निघाली की मी मागं मागं जायचो. धुकं, डोंगराच्या एकामागून एक निळ्या कडा, आणि मोळी घेऊन जाणारी तिची बारीक आकृती. असे कितीतरी फोटो काढले.

एकदा ती मला म्हणाली, "भाऊ, तू सगळे पाठीकडूनच काढून राहिला. माह्या समोरून बी एक काढ ना."

"काढतो ना, माय."

ती आत गेली, ठेवणीतलं लुगडं नेसली, केसांना तेल लावून अंगणात येऊन उभी राहिली. ऊन डोक्यावर आलं होतं. अशा उन्हात चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडतात. मी म्हणालो, "आता नको, ऊन लई कडक आहे. उद्या सकाळी काढतो."

ती हसली आणि लुगडं बदलायला आत गेली. दुसऱ्या दिवशी धुकं असं काही उतरलं होतं, की मी उठल्या उठल्या डोंगराच्या कड्यावर पळालो. दुपारी परत आलो तर ती रानात गेलेली. मला लग्नाच्या ऑर्डरसाठी खाली यायचं होतं. निघालो.

त्या वर्षी अमरावतीत एका प्रदर्शनात माझे फोटो लागले. तिचा पाठमोरा फोटो सगळ्यांत मोठा होता. एकजण म्हणाला, चेहरा दिसत नाही म्हणूनच हा फोटो इतका बोलतो. मला ते फार आवडलं. घरी येऊन मी बायकोला ते दोनदा सांगितलं.

पुढच्या हिवाळ्यात मी तोच फोटो फ्रेम करून तिच्यासाठी वर नेला. ओसरीत म्हातारा एकटाच बसला होता.

"माय कुठं गेली?" मी विचारलं.

"गेली," तो म्हणाला. "पावसाळ्यात ताप आला. दवाखान्यात नेलं, पण नाही राहिली."

मी कागद सोडून फ्रेम त्याच्या हातात दिली. त्यानं ती जवळ धरून पाहिली. मग फ्रेम उलटी करून मागची बाजू पाहिली. पुन्हा सरळ केली.

"तोंड कुठं आहे हिचं?" त्यानं विचारलं. "घरात एक बी फोटो नाही. तुह्यापाशी असन म्हणून आमी वाट पाहून राहिलो होतो."

घरी येऊन मी सगळे फोटो धुंडाळले. तिची पाठ होती. चुलीच्या धुरामागं तिची सावली होती. कप धरलेला हात होता. शेजारी बसून बायको पाहत होती. ती हळूच म्हणाली, "सामने से एक भी नहीं लिया?"

शेवटी म्हातारीच्या मुलीकडून तिचं आधार कार्ड मागवलं. आमच्याकडे हे काम नेहमीचं आहे. माणूस गेला की घरचे कार्ड घेऊन येतात, मी फोटो मोठा करतो, साफ करतो, मागं निळा रंग भरतो. कार्डावर ती भेदरल्यासारखी पाहत होती. कपाळावर पुसट ठिपके होते. छपाईचे डाग समजून मी ते काढून टाकले. डोळे जरा शांत केले आणि फोटो घेऊन वर गेलो.

मुलगी माहेरी आलेली होती. फोटो पाहताच ती म्हणाली, "माह्या मायचं गोंदण कुठं गेलं?"

तीन हिवाळे मी त्या बाईच्या हातचा चहा प्यायलो होतो.

"चूक झाली," एवढंच म्हणालो. मुलीनं माझ्या मोबाइलवरच्या त्याच फोटोवर बोट ठेवून गोंदण कुठं होतं, कसं होतं, सगळं समजावून सांगितलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

दुरुस्त केलेला फोटो घेऊन मी पुन्हा गेलो. या वेळी मुलीनं होकारार्थी मान हलवली. म्हाताऱ्यानं भिंतीला खिळा ठोकून तो टांगला. मग कोपऱ्यातली माझी मोठी फ्रेम आणून माझ्या हातात दिली.

"हे घेऊन जाय. फोटो चांगला आहे, पण हा पहाडाचा आहे."

त्यानं ते अगदी सहज म्हटलं. मला जेवून जायचा आग्रह केला. मी ताटावर बसलो आणि दोन घास खाऊन उठलो.

मुलीचा मधूनमधून फोन येतो. "बाबा विचारून राहिले, भाऊ काहून येत नाही?" मी म्हणतो, येतो, लग्नसराई संपू दे. मग फोन ठेवून स्टुलावर बसलेल्या माणसाची मान सरळ करतो.