पैसे भरून बसलेला पायलट

भाच्याला, म्हणजे माझ्या दादाच्या मुलाला, विमान चालवायचं लायसन मिळालं, त्या आठवड्यात दादाने नाक्यावर फ्लेक्स लावला. उरण तालुक्यातल्या आमच्या गावात वाढदिवसालाही फ्लेक्स लागतो, तेव्हा त्यात नवल नव्हतं. पण या फ्लेक्सवर भाच्याच्या नावाआधी मोठ्या अक्षरांत ‘कॅप्टन’ छापलं होतं. तो अजून कुठल्याच कंपनीत लागला नव्हता. मी दादाला म्हटलं, "नोकरी लागू दे, मग लाव." तो म्हणाला, "लायसन हाय ना? मग नोकरी लांब हाय काय?"

लांब होती. दीड वर्ष झालं तरी फ्लेक्स तिथेच आणि कॅप्टन घरी. जिथे अर्ज करावा तिथे एकच उत्तर मिळायचं, मोठ्या विमानाचा अनुभव नाही. नाक्यावरचे लोक विचारायचे, "काय कॅप्टन, आज विमान वर्कशॉपला काय?" भाचा मान खाली घालून निघून जायचा.

मग एक दिवस दादा कागदांची चळत घेऊन माझ्याकडे आला. "बाय, तू शिकलीस ना, वाच." आमचे आईबाप मिठागरात राबले आणि घरातली पहिली पदवी माझी. हे मी फार वेळा सांगते असं वहिनी म्हणते. सांगणारच. आता मी बंदराजवळ कंटेनरची कागदपत्रं करणाऱ्या ऑफिसात आहे, इंग्रजी करार वाचणं हे माझं रोजचं काम.

करार बाहेरच्या देशातल्या एका लहान विमान कंपनीचा होता. त्यात भाचा उजव्या खुर्चीत सहवैमानिक म्हणून बसणार होता, पाचशे तास, खऱ्या विमानात, खऱ्या प्रवाशांसकट. त्याबद्दल कंपनी त्याला काही देणार नव्हती, उलट हाच कंपनीला पैसे देणार होता. रक्कम एवढी, की भातशेती सरकारी संपादनात गेल्यावर बदल्यात मिळालेला प्लॉट विकावा लागणार. आणि या प्रकाराला कागदावर नाव काय, तर ‘अनुभव सहभाग शुल्क’. रोज इतके करार वाचते, पण एवढं इस्त्री केलेलं निर्लज्जपण क्वचित वाचलंय.

संध्याकाळी त्यांच्या दलालाचा व्हिडिओ कॉल आला. टाय लावलेला, गुळगुळीत माणूस. "मॅडम, याला पैसे देणं म्हणू नका, ही स्वतःमधली गुंतवणूक आहे."

"प्रवासी तिकिटाचे पैसे देऊन बसतो?" मी विचारलं.

"अर्थात."

"आणि पायलटही पैसे देऊन बसतो. मग विमानात कामाला कोण आहे?"

तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

विनोद कसला? मी कॉलेज झाल्यावर तीन वर्षं एका विनाअनुदानित शाळेत बिनपगारी शिकवलं. ‘अनुभव मिळतोय ना’ हे वाक्य तेव्हा रोज ऐकलं. चौथ्या वर्षी कायम करायला संस्थेने देणगी मागितली, तेव्हा खडू टेबलावर ठेवून निघून आले. त्यामुळे हा माल मी ओळखते. फक्त त्या शाळेत माझ्या चुकीने फार तर गणित चुकलं असतं.

कॉल संपल्यावर मी दादाला विचारलं. त्याचे स्वतःचे दोन ट्रेलर आहेत, क्लीनर म्हणून सुरुवात केली आणि शिकताना पहिल्या दिवसापासून मालकाचा भत्ता घेतला. "दादा, उद्या कोणी म्हणाला, मीच तुला पैसे देतो, मला तुझा ट्रेलर चालवायला दे. देशील?"

"येडी झालीस काय गो? पैसे देऊन चालवणारा कधी सांगंल काय, का ब्रेक ढिला हाय? झोप आली तरी चालवंल. त्याला फेऱ्या पुऱ्या करायच्या."

"मग पोराला का पाठवतोस?"

उत्तर शेजारी बसलेल्या भाच्याने दिलं. "आत्या, तुला सोपंय. शाळा सोडलीस तेव्हा नाक्यावर तुझा फोटो नव्हता."

प्लॉट विकला गेला, पैसे भरले आणि भाचा तिकडे रुजू झाला.

चार महिन्यांनी भाचा आठ दिवस घरी आला. गणवेशातले फोटो दाखवत होता, खरोखर रुबाबदार दिसत होता. जेवताना सारखा डावा कान दाबत होता. मी विचारलं तर म्हणाला, सर्दी होती, कानात दडे बसले होते आणि तसंच तीन दिवस उडालो. विमान खाली उतरताना कानात सुरी फिरवल्यासारखं व्हायचं. एकदा शेजारच्या कॅप्टनने काय सांगितलं ते ऐकूच आलं नाही.

"मग सुट्टी का नाही घेतलीस?"

"तास जातात, आत्या. पैसे आधीच भरलेत ना."

दादाचा घास हातातच राहिला. "मागं किती माणसं होती?"

"फुल होतं, बाबा. एक सीट रिकामी नव्हती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले, तर दादा नाक्यावर शिडी लावून स्वतःच फ्लेक्सच्या दोऱ्या कापत होता. खालून कोणीतरी ओरडलं, "काय शेठ, नवीन लावताय काय?" त्याने वळूनही पाहिलं नाही.

मीही त्याच्याबरोबर मागे फिरले. घरी येऊन त्याने फ्लेक्स ट्रेलरच्या जुन्या टायरांवर टाकला आणि भाच्याला समोर बसवलं. "जायचं असंल तर जा. पण कान दुखला, ताप आला, झोप झाली नाय, तर खुर्चीत बसायचं नाय. सरळ नाय म्हणायचं."

"आणि भरलेले पैसे, बाबा?"

"पैसे बुडाले. आजपासून बुडाले असं धर. प्लॉट खाडीत गेला. आता तू कोणाला घाबरू नको."

तो टायवाला ज्याला गुंतवणूक म्हणत होता, ती माझ्या सातवी शिकलेल्या भावाने एका वाक्यात बुडीत काढली, तेव्हा कुठे माझ्या भाच्याला नाही म्हणायची मोकळीक मिळाली.