बोर्डावरची राजकन्या

सिनेमाचे बोर्ड रंगवणारे ते गृहस्थ आमच्या वाचनालयात आले की आधी नळावर हात धूत, मग दोन्ही तळवे मला दाखवत आणि नंतरच पुस्तकाला हात लावत. वर्षभर ते एकच अद्भुत कादंबरी पुन्हा पुन्हा नेत होते. तिच्यात राजकन्या स्वतः राक्षसाला मारते.

त्या कादंबरीवरचा सिनेमा सोलापुरात लागला. बोर्डासाठी आलेल्या फोटोंत राजकन्या बेशुद्ध होती आणि तलवार नायकाच्या हातात होती. या गृहस्थांनी फोटो बाजूला ठेवले आणि राक्षसाच्या छातीवर पाय रोवून उभी राजकन्या रंगवली.

थिएटरचे मॅनेजर भडकले. "हे पिक्चरमध्ये कुठं आहे?"

"पुस्तकात हाय की, साहेब."

"उद्या पुसा, नाहीतर ब्रश उचला आणि चालू लागा!"

दुसऱ्या दिवशी ते चुन्याची बादली घेऊन शिडीवर चढले. खाली तिकिटाच्या रांगेत विडी कारखान्यातल्या बायका होत्या.

"ओ मामा, तिला हात लावाल तर बघा! तिच्यासाठीच आलोय आमी."

मॅनेजरनी लांबलचक रांग पाहिली आणि बादली स्वतःच आत नेली.

खेळ सुटल्यावर त्याच बायका वाचनालयात आल्या. "बोर्डावरची बाई आत न्हायच की! तिचं पुस्तक द्या."

आठवड्याने ते गृहस्थ आले, तळवे दाखवले.

"पुस्तक विडी कारखान्यात गेलंय," मी म्हणालो. "एक वाचते, बाकीच्या विड्या वळत ऐकतात. पुस्तकासाठी थांबलेल्यांच्या यादीत तुमचं नाव घालू?"

"घाला की," ते हसले. "पण लई खाली घाला."