खालून 'हां' आल्याशिवाय

नारळाखाली उभं राहणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी आपोआप जमत जातात. मानेचं दुखणं आणि किस्से! मान मी बाम लावून गप्प करतो. किस्से मात्र चहाचा कप हातात आला की बाहेर पडतात, आणि एक ओढला की त्याला लटकून दुसरा येतोच. आमची ही कपबशा उचलता उचलता म्हणते, "पाहुण्यांना घरी जायचंय. उतरा आता झाडावरून!"

पण झाडावर मी कधी चढलेलोच नाही. चढतो तो काशीनाथ. मी आपला खालचा माणूस.

*

सातपूरच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला होतो. सगळी नोकरी तिथंच झाली. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याबरोबर डबा खाणारा सुरेश शेडच्या पत्र्यावरून पडला. पाच मिनिटांचं काम होतं, म्हणून त्यानं सेफ्टी बेल्ट घातला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी डबा उघडला आणि तसाच बंद केला. तेव्हापासून कुणी उंचावर दिसला की माझी नजर आधी त्याच्या कमरेकडे जाते. कारखान्यात पोरं मला मागून 'बेल्टवाले साळवे' म्हणायची. मला माहीत होतं, पण म्हणू दे. पडली तर नाहीत ना!

रिटायर झालो तेव्हा कंपनीनं भिंतीवरचं घड्याळ दिलं. मी दुसऱ्याच दिवशी बाजारात जाऊन दोन कोरे करकरीत सेफ्टी बेल्ट आणले, एक वापरायला आणि एक जादा.

ही म्हणाली, "आता घरात बसून कुठून पडणार आहात?"

पण मी ते काशीनाथसाठी आणले होते. आमच्या सोसायटीत तीन नारळ आहेत, ते साफ करायला तो वर्षातून दोनदा यायचा. काशीनाथ भोये, सुरगाण्याकडचा. अंगानं काटक, बोलायला कंजूष. पावसाळ्यात भात लावायला गावी जायचा, बाकीचे दिवस नाशकातल्या बंगल्यांचे नारळ करायचा. बायको हिराबाई कायम बरोबर. चढताना पायात दोरीचा फास, कमरेला कोयता, बस्स!

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो पार शेंड्यात होता. मी गॅलरीतून ओरडलो, "अरे, पडशील!"

वरून शांतपणे उत्तर आलं, "पडायचं असतं तर चढलो कशाला असतो?"

त्या दिवसापासून मी त्याच्या मागे लागलो. माझं मागणं एवढंच होतं, की हा माणूस जितक्या वेळा चढेल तितक्या वेळा धडधाकट उतरावा.

*

बेल्ट दिला त्या दिवशी मी त्याला अर्धा तास लेक्चर दिलं. हे दोन आखूड दोर खोडाभोवती घ्यायचे. एक सोडून वर सरकवायचा, तेव्हा दुसरा पक्का पाहिजे. दोन्ही कधी एकदम सोडायचे नाहीत. काशीनाथनं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी त्याचं इंदिरानगरला काम होतं, ते बघायला मीही गेलो. मी स्कूटर लावून आत येईपर्यंत पठ्ठ्या वर पोचला होता. आणि बेल्ट? बेल्ट झाडाच्या बुंध्याला, व्यवस्थित, दोन्ही हुक अडकवून!

"काशीनाथ, हे काय?"

"तुमीच म्हनले ना दादा, बेल्ट झाडाला बांधायचा म्हून? बांधला. आता झाड कुठं जात नाय!"

*

शेवटी मी नाद सोडला आणि त्याच्याऐवजी हिराबाईंना समजावलं. त्या खोडाजवळ बसल्या, दोर हातानं फिरवून पाहिला आणि मला एकच प्रश्न विचारला.

"दादा, खोडाच्या मागल्या अंगाला दोर नीट बसला का तिरपा बसला, ते वर त्यांना दिसायचं कसं?"

इतकी वर्षं लोकांना सेफ्टी शिकवली, पण हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. चढणाऱ्याचं पोट खोडाला चिकटलेलं असतं. त्याला मागची बाजू दिसत नाही, दिसते ती खालच्यालाच.

मग हिराबाईंनीच नियम केला. "मी खालून मागचा दोर बघनार आनि 'हां' म्हननार. 'हां' आल्याबिगर दुसरा दोर सोडायचा नाय. पाऊल बी उचलायचं नाय."

काशीनाथनं लगेच बेल्ट कमरेला चढवला. माझ्या लेक्चरांचा उपयोग शून्य!

त्या दिवसापासून आमची तिघांची टीम झाली. काशीनाथ वर, हिराबाई बुंध्याशी. मी फोन घेणार, पार्किंगमधल्या गाड्या हलवायला लावणार आणि लोकांना झाडाखाली येऊ देणार नाही. शिवाय मान दुखवून घेणार.

*

खालून बोलायचा हक्क फक्त हिराबाईंचा. तेही दोनच वाक्यं. एक 'हां', आणि दुसरं, "डावा पाय आत घ्या." हे दुसरं त्या प्रत्येक झाडाला म्हणायच्या. मला वाटायचं, बायको आहे, नवऱ्याचं काहीतरी चुकत असणारच असं धरून चालते. आमच्या घरी हीच पद्धत आहे!

गंगापूर रोडला एक काकू होत्या. खुर्ची टाकून बसल्या आणि सुरू झाल्या. "अहो, ती उजवीकडची झावळी राहिली! ती नाही हो, तिच्या शेजारची! अहो, आमच्या जास्वंदीवर टाकू नका हं! जरा वाकून बघा ना, पलीकडे एक शहाळं दिसतंय!"

मी हात जोडले, खुणा केल्या, तोंडावर बोट ठेवलं. काकूंचं तोंड सुरूच. वर काशीनाथला 'हां' कुठला आणि काकू कुठल्या कळेना. तो दोर धरून जागच्या जागी थांबला.

हिराबाई उठल्या. दुसरा बेल्ट काकूंच्या मांडीवर ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "काकू, तुमाला खालून नीट दिसत नाय ना? मग वर जाता का? त्यांना मी खाली बोलावते."

काम संपेपर्यंत काकू आत! चहा मात्र आलं घालून आला, सोबत चिवड्याची डिश.

*

एक बँकेतून रिटायर झालेले साहेब होते. त्यांना झाड 'एकदम स्वच्छ' पाहिजे होतं. सुकलेल्या झावळ्या काढून झाल्या तरी समाधान होईना. "त्या हिरव्या पण उडवा. वर दोन-तीन ठेवा फक्त. म्हणजे वर्षभर कटकट नको!"

काशीनाथ हिरव्या झावळीला कोयता लावत नाही. झाडाचं पोट तिच्यावर असतं, शेंडा उघडा पडला की झाड खंगतं, हे त्याला कुठल्या कोर्सला जाऊन शिकावं लागलेलं नाही. तो खाली उतरला आणि कोयता कमरेला अडकवून टाकला. साहेब इरेला पेटले. "झाड माझं आहे! मी सांगतो ना!"

हिराबाईंनी साहेबांच्या डोक्याकडे पाहिलं. मधे तुळतुळीत, कडेला थोडी झालर.

"साहेब, तुमचं बी एकदम स्वच्छ करून देऊ का? कोयत्याला धार हाय."

मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, हे गिऱ्हाईक गेलं! साहेब क्षणभर लाल झाले आणि मग असे हसले की त्यांच्या मिसेस बाहेर आल्या. आता दर वर्षी फोन करतात. "साळवे, या. झाडाचं आणि माझं, दोन्हीकडचं हिरवं शाबूत आहे!"

*

वाऱ्याची एक गंमत सांगतो. वारा असला की आम्ही चढत नाही. आता वारा किती आहे हे कळावं म्हणून माझ्या जावयानं मोबाइलमध्ये ॲप टाकून दिलं. मी ऐटीत फोन काढला. "हिराबाई, ॲप म्हणतंय वारा नाही. चढू द्या!"

त्या शेजारच्या गच्चीकडे बघत राहिल्या. तिथं दोरीवर फुलाफुलांची चादर वाळत होती. मी पुन्हा फोन दाखवला. तेवढ्यात चादर फडफडली, चिमट्यांसकट सुटली आणि पलीकडच्या बंगल्यातल्या डिश अँटेनावर जाऊन बसली.

हिराबाई म्हणाल्या, "मोबाइलला सांगा, चादर गेली!"

तेव्हापासून कुठल्याही कॉलनीत गेलो की आम्ही आधी लोकांचं वाळत घातलेलं बघतो. एकदा एका वहिनींनी माझ्याकडे फार संशयानं पाहिलं होतं. तो किस्सा मी हिच्यासमोर सांगत नाही.

*

हेल्मेटचं तर विचारू नका. दोन वर्षं काशीनाथ ते घालेना. "डोकं गरम व्हतं" म्हणायचा. मी समजावलं, रागावलो, सुरेशची गोष्टसुद्धा सांगितली. ती ऐकून तो बराच वेळ माझ्याजवळ बसून राहिला, पण हेल्मेट काही घातलं नाही.

मग एका झाडावर कावळीनं घरटं केलं होतं. काशीनाथ घरट्याला हात लावणारा नव्हताच, पण कावळीला कोण सांगणार? तिनं मागून येऊन टाळक्यात दोन टोचे हाणले. हा सरसर खाली!

"दादा, ते पिवळं टोपडं कुठंय?"

घातलं, आणि त्यानंतर आजवर काढलेलं नाही. वर मलाच ऐकवतो, "तुमी दोन वर्सं नुसतं पडायचं पडायचं बोलत व्हते. कावळ्याचं आधी सांगायचं ना!"

*

आता शेवटचा.

एका डॉक्टरीणबाईंच्या बंगल्यात जुना नारळ होता, तीन मजल्यांच्या वर गेलेला. गांधीलमाश्या असल्या तर कळावं म्हणून आम्ही चढण्याआधी बुंध्यावर बांबूनं ठोकतो. ठोकलं, काही उठलं नाही. काशीनाथ वर गेला. पहिली सुकी झावळी ओढली आणि आतून गांधीलमाश्यांचं पोळंच फुटलं!

त्यानं कोयता खाली टाकला, दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि पाय घसरला. पण तो खाली आला नाही. बेल्टनं धरला! दोन्ही दोरांवर तो लटकला, मग चाचपडत कसाबसा खोडाला चिकटला. माश्या हळूहळू पांगल्या.

"दिसत नाय!" वरून आवाज आला. "डोळं उघडत नाय!"

डॉक्टरीणबाईंनी फायर ब्रिगेडला फोन लावला. गाडी निघाली, पण शिडीची गाडी गल्लीतल्या तारांखालून येणार कशी? मी नुसता गोल गोल फिरत होतो. मला सुरेश दिसत होता, त्याचा डबा दिसत होता. सेफ्टीचा एवढा मोठा माणूस मी, आणि मला काही म्हणजे काही सुचत नव्हतं.

हिराबाईंनी साडी वर खोचली, पदर तोंडाला गुंडाळला, जादा बेल्ट कमरेला आवळला, पायात फास घेतला.

"हिराबाई! तुम्ही?"

"दादा, मागच्या दोराकडं बघा. आमच्याकडं नको." एवढंच बोलून त्यांनी खोडाला हात लावून नमस्कार केला आणि निघाल्या.

काय चढल्या म्हणून सांगू! काशीनाथपेक्षा झरझर. पाऊल, दोर, मी "हां". पाऊल, दोर, "हां". अर्ध्याच्या वर गेल्यावर मात्र एकदम थांबल्या. हलेचनात. मला वाटलं, दमल्या. नाहीतर घाबरल्या. मी ओरडलो, "हां हां, चला, थोडंच राहिलं!" आणि त्या पुन्हा निघाल्या.

काशीनाथच्या खाली पोचून त्यांनी त्याचा पाय धरला, खोडाला टेकवला. त्याला सांगून दोर सोडवला, खाली घ्यायला लावला. मग दुसरा पाय. तो आंधळ्यासारखा उतरत होता आणि त्या बोलत होत्या. "डावा पाय आत. आजून आत. हां. आता उजवा."

दोघं जमिनीला लागले तेव्हा मी काशीनाथला मिठी मारली. रडत होतो, आणि मला त्याची लाज नव्हती. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं, तासभर नजरेखाली ठेवलं, सुजेवर बर्फ दिला. फायर ब्रिगेडचे जवान धावत आत आले, "वर कोण अडकलंय?" म्हणाले. त्यांनाही चहा मिळाला.

डोळे थोडे किलकिले झाल्यावर मी काशीनाथला विचारलं, "अरे, इतकी वर्षं झाली! हिराबाईंना चढता येतं, हे कधी बोलला नाहीस?"

"म्या कुनाकडून शिकलो मग?" तो सुजलेल्या ओठांनी म्हणाला. "लगीन झालं तवा मला आंब्यावर बी चढता येत नव्हतं. तिच्या बापाच्या घरी समदी चढनारी."

हिराबाई पायरीवर बसून दोर हातातून वीत वीत सरकवत तपासत होत्या. मी त्यांच्यापुढे हात जोडले. म्हटलं, "हिराबाई, आज तुमच्यामुळे..."

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"दादा, मधी एक 'हां' इसरले तुमी. यांच्याकडं बघत बसले. म्या तवर थांबले व्हते."