करीच्या दिवशी डोक्यावर काय घ्यावं

पावसात खेकडी धरायला जाताना डोक्यावर काय घ्यावं, या प्रश्नावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी माझं लग्न ठरतानाही झाली नव्हती. आणि आमचं लग्न जातीबाहेरचं, म्हणजे तेव्हा भांडायला वाव पुष्कळ होता.

माझं माहेर शहरातलं. तीन पिढ्या कारकुनी केलेलं, चातुर्मासात कांदा-लसूणही बंद ठेवणारं घर. सासर दौलताबादच्या किल्ल्यापलीकडं, डोंगराच्या पायथ्याशी, शेतीवाल्यांचं. नवरा शहरात नोकरीला होता म्हणून आम्ही राहायचो शहरातच, पण पोळ्याला आणि दुसऱ्या दिवशीच्या करीला गावी जायचंच, त्यात सबब चालत नसे. श्रावणभर सासरीही वशाट, म्हणजे मटण-मासळी, बंद असायचं. पोळ्याला पुरणपोळी व्हायची आणि करीला माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणते, ओढ्यावर जाऊन खेकडी धरून आणायचे. पुढं चारच दिवसांत गणपती बसायचे आणि घर पुन्हा सोवळं व्हायचं. त्यामुळं त्या मधल्या दिवसाला फार मान.

मामा याला शिकार म्हणत. "शिकारीला चाललोय" असं दारातून मोठ्यानं सांगत, जसं काही डोंगरात वाघ बसलाय. जनावर माझ्या तळहाताएवढं, म्हणून मला हसू यायचं. पण हसत हसत मीही मागं मागं जायची. खेकडा मी आजही खात नाही. धरायचा मात्र मला भारी नाद लागला, आणि हे माहेरी कळू नये म्हणून मी बरीच वर्षं काळजी घेतली.

मामांची शिकार कानावर चालायची. ओढ्याच्या काठाला बिळं पुष्कळ असतात, त्यातली निम्मी रिकामी. मामा बिळाशी उकिडवे बसत, डोकं खाली घालत आणि कान लावत. आत खेकडा असला की तो तोंडाशी फेस धरतो, त्याची अगदी बारीक बुडबुड ऐकू येते. ती ऐकली की मामा बोट वर करत, म्हणजे बाकीच्यांनी गप्प. मग तुरीच्या काटकीला दोऱ्यानं बांधलेलं गांडूळ आत सोडायचं, खेकड्यानं नांगीत पकडलं की हळूहळू बाहेर ओढायचं. घाई केली की तो सोडतो आणि खोल जाऊन बसतो, आणि मग मामा दिवसभर आपल्याशी बोलत नाहीत.

म्हणून डोक्यावर काय घ्यायचं हा मोठा प्रश्न. पाऊस तर हवाच, त्याशिवाय खेकडी वर येत नाहीत. पण डोक्यावरच्या वस्तूवर पाऊस वाजला की बिळातलं काही ऐकू येत नाही. छत्री वाजते, शिवाय एक हात अडकतो. प्लास्टिकचा कागद तर ताशासारखा वाजतो. मामांच्या मते देवानं या कामासाठी एकच वस्तू केली, ती म्हणजे घोंगडीची खोळ. लोकर पाणी पिते, आवाज करत नाही. वास मारते, पण खेकड्याला नाक नसतं, असं मामांचं म्हणणं. नसेलही.

मग पाऊसच गेला. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, तिसरं तर असं गेलं की ओढ्यात मुरूम उघडा पडला आणि पोरं तिथं क्रिकेट खेळायला लागली. विहिरीला तळ दिसला. गावात टँकर यायचा तेव्हा सासूबाई कामधाम टाकून पळायच्या. शहरात आमच्याही नळाला आठवड्यातून एकदा पाणी, पण तिकडं निदान इमारतीला टाकी होती. त्या वर्षांत करीला मटण आणलं जायचं आणि मामा ते मुकाट्यानं खायचे.

त्याच वर्षांत शहर आमच्याकडं चालत आलं. आधी रस्ता रुंद झाला, मग रस्त्याकडेची शेतं गेली. शेजारच्या रानात जेसीबी फिरला, फक्कीच्या पांढऱ्या रेघा पडल्या, चारी कोपऱ्यांना रंगीत झेंडे लागले आणि कमानीवर कुठल्याशा नगरीचं नाव आलं. तिथं अजून एक वीटही नव्हती. प्लॉटिंगवाला आमच्याकडंही येऊन गेला. माणूस बोलायला गोड होता, सासूबाईंच्या पाया पडला. गणपती बसायच्या आत काय ते सांगा, म्हणाला.

नवऱ्याच्या मनात द्यायचं होतं. त्याचंही चूक नव्हतं, विहीर कोरडी असेल तर जमीन बघत बसून काय करायचं? मला द्यायचं नव्हतं. माझं मत कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मी ते मोठ्यानं सांगत असे. मामा दोघांचंही ऐकून घेत आणि विहिरीकडं जाऊन येत. त्यांच्या बापानं ती विहीर हातानं खणलेली. रात्रंदिवस तेच त्यांच्या डोक्यात असणार, हे दिसत होतं.

आणि त्या चौथ्या वर्षी पाऊस आला. उशिरा आला, मृगापासूनची सगळी नक्षत्रं कोरडी घालवून आला, पण पोळ्याच्या आदल्या आठवड्यात चांगला धो धो पडला. ओढा वाहायला लागला. नवरा म्हणाला, आता काय, एका पावसानं काय होतंय. नवल म्हणजे मामांनाही ते पटलं.

"बरोबर हाय त्याचं," पोळ्याच्या रात्री पुरणपोळी मोडता मोडता ते म्हणाले. "वरचं पाणी चार दिसांत वाहून जाईल. खाली काय उरलंय ते बघाया पायजे. खेकडं बीळ करतं ते खालच्या वलीपातूर. तीन सालं खालीच काढली असतील तर ती वर येतील. उद्या कर हाय. वढ्याला एक जरी खेकडं घावलं तर रान ठेवायचं. नाय घावलं तर खाली काय बी नाय. मग देऊन टाका."

भूगर्भवाल्यांना यावर काय वाटेल ते वाटो. नवऱ्यानं "ठीक आहे" म्हटलं, कारण त्याला वाटलं खेकडी कधीच मेलीत. मला रात्री झोप लागली नाही.

सकाळी बारीक, सलग पाऊस. आणि कळलं की घरात डोक्यावर घ्यायला काही नाही. तीन वर्षं ज्या घरावर पाऊस पडला नाही तिथं पावसाच्या वस्तू जागेवर कशा राहतील? मामांनी घोंगडी मागितली. सासूबाई म्हणाल्या, "ती कापली की मी. दोन तुकडं केलं आन् पाण्याच्या पिपाला गुंडाळलं. पाणी तापत हुतं."

"माझी घोंगडी पिपाला?"

"पिपात पाणी हुतं. तुमच्या डोक्यावर काय पडत हुतं?"

मामा उठून पिपाकडं गेले. घोंगडीचे ते तुकडे आणले तर हातात लोकरीचा भुगा आला. तागाचं पोतं शोधलं. पोती माठाखाली ओली ठेवून ठेवून कुजलेली, एकच जरा बरं निघालं. त्याचा एक कोपरा दुसऱ्यात खोचून मामांनी खोळ केली. मी माझी शहरातल्या शहागंज बाजारातली फुलाफुलांची छत्री काढली, जी घेतल्यापासून उघडलीच नव्हती. नवऱ्यानं गाडीचं हेल्मेट घातलं.

"हे काय?" मी म्हटलं.

"पाऊस लागत नाही. काचही आहे."

"खेकडा काय तुझी पावती फाडणार आहे?"

तो खरोखर हेल्मेट घालूनच आला. वाटेत दोन बायका आमच्याकडं बघून थांबल्या. मी त्यांना हात केला.

पहिल्या बिळाशी मामा बसले. पोत्याची खोळ कानावरून मागं सारली, वाकले. बराच वेळ वाकून राहिले आणि उठले. "पोतं जड झालंय. पाणी टपकतंय कानात, काय ऐकू येत नाय." खोळ काढून त्यांनी बाभळीवर टाकली. पुढच्या बिळाशी मी त्यांच्यावर छत्री धरली. "वाजती ती. बाजूला घे." तिसऱ्याला त्यांनी खताच्या रिकाम्या पिशवीची टोपी करून पाहिली आणि लगेच फेकली. नवऱ्यानं हेल्मेट पुढं केलं, तेव्हा मामांनी त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं ते परत घातलं.

मग ते उघड्या डोक्यानं बसले. टोपीही काढून खिशात घातली. पांढऱ्या केसांतून पाणी कपाळावर, नाकावरून खाली. आता डोक्यावर वाजायला काहीच नव्हतं. त्यांनी कान अगदी चिखलाला लावला. मी श्वास धरून उभी.

"नाय," ते म्हणाले.

पुढच्या बिळाशी तेच, त्याच्या पुढच्याही. मग ते काठावरच बसून राहिले, पावसात, उघड्या डोक्यानं, आणि नवऱ्याकडं न बघता म्हणाले, "सांग त्या माणसाला. देतो म्हनावं."

नवऱ्यानं हेल्मेट काढलं. जे हवं होतं ते मिळालं होतं, पण त्याचं तोंड बघवत नव्हतं. तो बापाजवळ चिखलात बसला. मला राग आला, कुणाचा ते कळेना. मी छत्री मिटून फेकली. मामांनी आत्ताच सोडलेल्या बिळाशी मी बसले आणि कान लावला. आशा होती म्हणून नाही, नुसत्या हट्टानं.

बुडबुड बुडबुड. अगदी स्पष्ट, जवळ.

मी बोट वर केलं. कुणी बघितलं नाही. मी पुन्हा ऐकलं. मग शेजारच्या बिळाशी गेले, जे मामांनी नाय म्हणून सोडलं होतं. तिथंही होतं. तेव्हा मी वळून मामांकडं बघितलं. पोतं, छत्री, पिशवी, सगळ्यांनाच मामांनी दोष दिला होता. टीव्हीचा आवाज वाढला होता तो म्हातारपणीची सवय म्हणून सोडून दिलेला. फोनवर "व्हय, व्हय" करून ते लगेच सासूबाईंकडं द्यायचे. तीन वर्षं ओढा कोरडा होता, कान लावायला जागाच नव्हती, तर त्यांना तरी कसं कळावं?

हे मोठ्यानं कसं सांगायचं? आणि सांगितलं तरी माझं कोण खरं मानणार? रान ठेवा म्हणून घसा कोरडा करणारी मीच. मी मामांच्या जवळ गेले, त्यांचा हात धरला. सुनेनं सासऱ्याचा हात धरण्याची आमच्यात पद्धत नाही, ते दचकले. मी त्यांना बिळापर्यंत आणलं आणि त्यांचा तळहात बिळाच्या तोंडाशी, अगदी आत टेकवला.

"थांबा मामा," मी म्हटलं. "हलू नका."

ते थांबले. थोड्या वेळानं त्यांनी हात काढला. तळव्यावर पांढरा फेस होता. ते त्या फेसाकडं बघत राहिले. मग माझ्या कानाकडं बघितलं, मग स्वतःच्या कानाला हात लावला. त्यांना सगळं एकदम कळलं असावं. मला रडू आलं, पाऊस होता म्हणून निभावलं.

"काटकी दे," ते म्हणाले.

कान गेले होते, हात गेले नव्हते. त्यांनी गांडूळ सोडलं, दोरा ताणला गेला, आणि तासाचं काम असल्यासारखं ते सावकाश ओढत राहिले. बाहेर आली ती मोठी, काळपट, रागावलेली मादी. मामांनी तिला पाठीवरून धरून उलटं केलं. पोटाच्या झापेखाली बारीक बारीक पिलं, मोहरीएवढी, सगळी वळवळणारी.

नवरा वाकून बघत होता. "अरे बापरे," एवढंच म्हणाला.

पिलांची मादी आमच्याकडं धरत नाहीत. मामांनी तिला बिळाच्या तोंडाशी ठेवलं. ती क्षणभर नांग्या उगारून आम्हाला दम देत उभी राहिली आणि उलट्या पावलांनी आत गेली. पुढं आणखी कुठलंही बीळ आम्ही धरलं नाही, मी मात्र तीन-चार ठिकाणी कान लावून आले, खात्रीसाठी. करीच्या दिवशी त्या घरात बिनआमटीचं जेवण झालं नसतं, म्हणून सासूबाईंनी शेंगदाण्याची आमटी केली. सगळ्यांनी, माझ्यासकट, तीच खाल्ली.

प्लॉटिंगवाल्याचं नाव कुणी काढलं नाही. नवऱ्यानं ताटावर एवढंच विचारलं, विहिरीतला गाळ कधी काढायचा. जाताना मी दारात चपला घालत होते तेव्हा म्हटलं, "मामा, शहरात कानाचे डॉक्टर चांगले आहेत. येता का आमच्याबरोबर?"

त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. ते बाभळीवरून आणलेलं पोतं पिळत होते. पिळून झटकलं, वाळत घालायच्या दोरीवर टाकलं.

"शहागंजात घोंगड्या मिळतात का अजून?" त्यांनी विचारलं.

"मिळत असतील."

"जाड बघून आण. काळी. पुढच्या करीला लागंल," ते म्हणाले. आणि मी गाडीवर बसले तेव्हा मागून हाक मारून म्हणाले, "दोन आण. तुला बी एक."