उजेडाला धरलेलं पाकीट

टपाल निघायच्या आधी गुंडोराव रोज प्रत्येक पाकीट खिडकीशी नेऊन उजेडाला धरत. आतलं अक्षर बाहेरून दिसलं, तर पाकीट उघडून आत एक कोरा कागद सरकवत. चेन्नईतल्या त्या सरकारी कचेरीत त्यांनी एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळली. नवऱ्याचं घर सोडून आलेल्या बायकांचे अर्ज तिथं येत. त्यांचे नवे पत्ते कुणाला कळता कामा नयेत.

"राव, पाकिटाचा एक्स-रे झाला का?" शिपाई सुब्बा विचारायचा.

"झाला. तुझं डोकं तेवढं राहिलं."

दोन हजार सातमध्ये अर्ज संकेतस्थळावर गेले आणि खिडकीवर कागद घेणं बंद झालं. ते पान सिरुसेरीच्या ज्या कंपनीनं बनवलं, तिथंच गुंडोरावांची मुलगी कृष्णवेणी कामाला होती. पान तिच्याच हातचं होतं. तिनं कौतुकानं घरी दाखवलं. अप्पांनी चष्मा पुसून ते वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"वेणी, हा अर्ज पाकिटातून जातो की पोस्टकार्डावरून?"

ती हसली. "कार्डावरून. बँकेच्या पानाखाली पिवळं कुलूप दिसतं ना, तसं याला नाही."

"कां नाही?"

"कुणी मागितलं नाही, अप्पा. आणि कोण वाचत बसणार आहे?"

"कार्ड हाती आलं की माणूस वाचतोच, ग."

त्यांनी साहेबांना तीनदा लिहून दिलं. तिन्ही वेळा 'विचाराधीन' असा शेरा आला. मग त्यांनी मुलीला सांगितलं, तूच बैठकीत विषय काढ. कृष्णवेणी दोन बैठकांना गेली. दोन्हीकडे तारखेची घाई होती, ती गप्प बसली.

अलमेलू नवऱ्याला सोडून चार वर्षांच्या मुलीसह एन्नोरला मैत्रिणीकडे लपून राहत होती. कचेरीनं कागद घेतला नाही, म्हणून तिनं वेलचेरीतल्या एका इंटरनेटच्या दुकानात अर्ज भरला. दुकानदार तिच्या नवऱ्याचा दोस्त होता. पानाला कुलूप नव्हतं, त्यामुळे त्याच्या तारेवरून जाणारं सगळं त्याला उघड वाचता येई. तिसऱ्या दिवशी नवरा एन्नोरच्या दारात उभा राहिला आणि मुलीला उचलून घेऊन गेला. कुठे, ते कुणालाच कळलं नाही.

कचेरीतून ही बातमी घरी पोचली, त्या संध्याकाळी कृष्णवेणी अप्पांसमोर येऊन बसली. दोन बैठका, आपलं गप्प बसणं, सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"सरि, बरं," ते एवढंच म्हणाले. "जेवून घे."

पुढच्या एप्रिलात खात्याचं परिपत्रक आलं: कुलूप नसलेलं कुठलंही पान चालणार नाही. कृष्णवेणीनंच ते बसवलं. काम दीड दिवसाचं होतं. घरी सांगितलं तेव्हा अप्पांनी मान हलवली आणि पुन्हा लिहायला वाकले. निवृत्त झाल्यावर ते दर आठवड्याला अलमेलूसाठी कुठे ना कुठे पत्र पाठवत. कधी पोलिसांना, कधी कोर्टाला, कधी एखाद्या गावच्या शाळेला. मूल सापडलं नव्हतं.

ऑगस्टातल्या एका सकाळी ती बससाठी निघाली. अप्पांनी दारात तिच्या हाती पाकीट दिलं. दुपारी त्यांचं हृदय थांबलं. त्यांचा आवाज आठवायचा म्हटलं की तिला दारातलं तेच ऐकू येतं, "पेटीत टाकायच्या आधी उजेडाला धरून बघ, ग. माझे डोळे आता चालत नाहीत."