आंधळ्या भिंतीचे मिस्त्री

मिस्त्री कोणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवर बोटांची पेरे वाजवत आणि कान लावत. माझ्या भाड्याच्या खोलीत आले तेव्हा मला जयभीम घातला, भिंतीला ठोका दिला आणि घरमालकाने सिमेंट खाल्ल्याचे जाहीर केले. चहा त्यानंतर.

नाकाडोंगरीजवळचे फ्रेंच साहेबाचे घर मात्र त्यांना ठोके न देताही पाठ होते. मँगनीजच्या खाणीवर आलेल्या त्या इंजिनिअरने आपल्या शहरातल्यासारखे घर जंगलाच्या कडेला उभारले होते. अरुंद, तीन मजली, वर उभ्या उताराचे छप्पर, जमिनीपर्यंत उतरलेल्या खिडक्यांना लाकडी झडपा, आत गोल जिना. त्याच्या शहरात घराला घर चिकटलेले असायचे, म्हणून बाजूच्या दोन्ही भिंती बिनखिडकीच्या, आंधळ्या. इथे शेजारी म्हणून फक्त सागाची झाडे. "कोनी तरी येईन बाजूले राहाले, म्हणून वाट पाहे बिचारा," मिस्त्री म्हणत.

त्यांच्या आजोबांनी या घरासाठी विटा वाहिल्या. घर उभे राहिल्यावर त्यांना पायरीसुद्धा चढू दिली नाही. म्हणून नातू नेहमी पुढच्या दाराने, चपला न काढता आत शिरायचा. एवढी एकच ऐट त्या माणसात होती.

या घराचे विश्रामगृह करायचे ठरले आणि दुरुस्तीवर माझी नेमणूक झाली. मी नवा इंजिनिअर, म्हणजे सगळे येत असलेला. छपराचे पाणी खाली उतरवणारा नळ दिसू नये म्हणून साहेबाने तो उगवतीच्या आंधळ्या भिंतीच्या पोटात घातला होता. नळ कधीच फुटला होता. पाणी भिंतीत साचू नये म्हणून मिस्त्रींच्या वडिलांनी पायथ्याशी एक भोक पाडले होते, आणि दर पावसाळ्याआधी मिस्त्री ते साफ करत. त्यांनी मला तिथे उकिडवे बसवून सांगितले, "हे भिंतीचं नाक आहे साहेब. बुजवाल तं पोटात पानी भरन, अन् भिंत कोनाच्या तरी अंगावर जाईन."

मी मान डोलावली. म्हातारा आपले महत्त्व वाढवतो आहे, असे मनात म्हणालो. ते मुलीकडे सानगडीला गेले असताना वरिष्ठ पाहणीला येणार होते आणि ते भोक उंदराच्या बिळासारखे दिसत होते. मी ते बुजवून वर सिमेंटचा गिलावा मारला.

चार दिवस पावसाने उसंत दिली नाही. पाचव्या दिवशी दुपारी मिस्त्री बसमधून उतरून थेट कामावर आले. ओल्या भिंतीला कान लावला. कोणी बुजवले, हे त्यांनी विचारले नाही. माझ्याकडून छिन्नी-हातोडा मागून घेतला आणि म्हणाले, "तुमी दूर राहा."

मी दूर राहिलो. दहा-बारा घावांनंतर भिंत त्यांच्या अंगावर आली.

त्यांच्या मृत्यूच्या चौकशीच्या कागदावर मी अतिवृष्टी आणि जुने बांधकाम असे लिहिले. ते निमूटपणे मान्य झाले. मग मी त्यांच्या घरी गेलो. त्यांची बायको दारातच बसली होती. तिने विचारले, "त्या भोकाचं त्यायनं तुमाले सांगतलं होतं का, साहेब?"

मी नाही म्हणालो.

"मंग चुकी त्यायचीच," ती म्हणाली. "सांगाले पायजे होतं." मग उठून तिने मला प्यायला पाणी आणून दिले, आणि मी ते प्यायलो.